गिरणीच्या भिंतीआड चारशे गाड्या लपवणारा फ्रिट्झ श्लुम्फ

7 मार्च 1977. फ्रान्सच्या पूर्व टोकाला असलेल्या म्युलुझ शहरात गिरणी कामगारांचा एक गट एका जुन्या गिरणीचं दार तोडून आत घुसला. नोकरी गेलेली, पैसे अडकलेले आणि मालक देश सोडून पळालेले. आत फार तर जुनी यंत्रं आणि लोकरीचे गठ्ठे असतील असं कुणालाही वाटलं असतं.

आत होती पॅरिसच्या पुलावर असतात तशा नक्षीदार दिव्याच्या खांबांची रांगच रांग. त्या दिव्यांखाली, आखून दिलेल्या रस्त्यांच्या कडेला चकचकीत गाड्या उभ्या होत्या. रोल्स-रॉईस, हिस्पानो-सुइझा, मर्सिडीज आणि सगळ्यात जास्त म्हणजे शंभरावर बुगाटी. मोजायला घेतल्या तर आकडा चारशेच्या वर गेला.

हे सगळं एका माणसाच्या नादातून उभं राहिलं होतं. त्याचं नाव फ्रिट्झ श्लुम्फ.

फ्रिट्झचा जन्म 1906 चा, इटलीतल्या ओमेन्या गावातला. वडील स्विस, आई जान मूळची म्युलुझची. त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा भाऊ हान्स. वडील गेल्यावर आई दोन्ही पोरांना घेऊन माहेरच्या गावी आली. म्युलुझ म्हणजे त्या काळी फ्रान्सचं मँचेस्टर. जिकडे बघावं तिकडे गिरण्यांची धुराडी. अशा गावात वाढलेला पोरगा कापडाच्या धंद्यात पडला नसता तरच नवल. फ्रिट्झनं लोकरीच्या दलालीपासून सुरुवात केली. 1935 मध्ये दोघा भावांनी मिळून लोकरीच्या व्यवसायाची कंपनी काढली. 1940 मध्ये, वयाच्या 34 व्या वर्षी फ्रिट्झ मालमर्सपाकच्या सूत कातणाऱ्या गिरणीचा अध्यक्ष झाला होता. युद्ध संपल्यावर श्लुम्फ बंधूंनी एकामागोमाग एक गिरण्या विकत घेतल्या. 1957 मध्ये म्युलुझमधली एक जुनी गिरणीही त्यांच्याकडे आली. पुढचं सगळं नाट्य याच गिरणीत घडलं.

आता बुगाटीच का, हे समजून घ्यायला हवं.

म्युलुझ ज्या अल्सास प्रांतात आहे, त्याच प्रांतातल्या मोल्सहाइम गावात एतोरे बुगाटीचा कारखाना होता. एतोरे पण इटलीत जन्मलेला, मिलानचा. त्याच्या घरात कलेचं वातावरण होतं आणि ते त्याच्या गाड्यांमध्ये उतरलं होतं. त्याच्या इंजिनाचे भाग हातानं घासून इतके सपाट केलेले असायचे की दोन भागांच्या मध्ये गॅस्केट घालायची गरज पडायची नाही. 1924 साली आलेली त्याची टाइप 35 ही त्या काळातली सगळ्यात यशस्वी रेसिंग कार मानली जाते. फ्रिट्झकडे तरुणपणापासून याच जातीची 35बी होती आणि तो ती शर्यतीतही पळवायचा. म्हणजे गाडी नुसती शोभेला ठेवणाऱ्यांतला तो नव्हता. त्याला ती चालवायला येत होती आणि आतून कशी आहे तेही कळत होतं.

पण बुगाटी कंपनीचं नशीब फिरलं. 1939 मध्ये एतोरेचा मुलगा जान गाडीची चाचणी घेताना अपघातात गेला. 1947 मध्ये स्वतः एतोरे गेला. त्यानंतर कंपनी कशीबशी तग धरून होती. पन्नाशीच्या दशकात जुन्या बुगाटीला कुणी फारसं विचारत नव्हतं. जुनी रेसिंग कार म्हणजे पार्ट मिळत नाहीत, रोज वापरता येत नाही, नुसती जागा अडवणारी वस्तू. कित्येक गाड्या शेतावरच्या कोठारात धूळ खात पडल्या होत्या.

फ्रिट्झनं नेमकी हीच वेळ साधली. साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं खरेदीचा सपाटा लावला. पहिल्या झटक्यात दहा बुगाटी, तीन रोल्स-रॉईस, दोन हिस्पानो-सुइझा आणि एक टाट्रा. पण एकेक गाडी हुडकत बसणं हा त्याचा स्वभाव नव्हता. जगात कुणाकडे कोणती बुगाटी आहे याची बुगाटीप्रेमींनी तयार केलेली यादी उपलब्ध होती. फ्रिट्झनं त्या यादीतल्या मालकांना पत्रं धाडली. गाडी विकायची आहे का, कितीला, एवढाच विषय. ज्याला घरखर्चाची अडचण होती त्यानं लगेच होकार कळवला.

1963 मध्ये बुगाटी कंपनी हिस्पानो-सुइझाच्या ताब्यात गेली. मोल्सहाइमच्या कारखान्यात काही गाड्या पडून होत्या, त्यातल्या 18 फ्रिट्झनं उचलल्या. त्यात टाइप 41 म्हणजे रॉयाल होती. तीही साधी नाही, एतोरे बुगाटीची स्वतःची, कूपे नेपोलियन नावाची.

रॉयाल काय चीज आहे, तर लांबी सहा मीटरहून जास्त, बारा लिटरहून मोठं आठ सिलिंडरचं इंजिन आणि रेडिएटरच्या टोकावर मागच्या पायांवर उभा राहिलेला चांदीचा हत्ती. हे हत्तीचं शिल्प एतोरेचा शिल्पकार भाऊ रेम्ब्रां याचं होतं. राजेमहाराजांना विकायला ही गाडी बनवली, पण नेमकी जागतिक मंदी आली. पुऱ्या सहा गाड्या बनल्या आणि त्यातल्या फक्त तीन गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या. जगात सहाच असलेल्या गाड्यांपैकी एक फ्रिट्झच्या गिरणीत आली. त्याचं मन एकानं भरणार नव्हतं.

दुसरी रॉयाल अमेरिकेत होती. इलिनॉय राज्यात जॉन शेक्सपिअर नावाचा एक श्रीमंत माणूस राहायचा. नाटककाराशी काही संबंध नाही, त्याच्या घरच्यांची मासे पकडायच्या गळाची आणि रिळांची कंपनी होती. त्याच्याकडे 30 बुगाटी होत्या. जगातला तेव्हाचा सगळ्यात मोठा बुगाटी संग्रह हाच, पण गाड्यांची अवस्था वाईट झाली होती. फ्रिट्झनं तीच गोष्ट सौद्यात वापरली. त्यानं 70 हजार डॉलर देऊ केले. बरीच घासाघीस होऊन शेवटी 85 हजारांवर सौदा तुटला. हिशोब केला तर एक गाडी तीन हजार डॉलरच्याही आत पडली आणि त्यात एक रॉयाल होती! 30 मार्च 1964 रोजी इलिनॉयमधल्या हॉफमन गावातून रेल्वेच्या उघड्या डब्यांवर चढवलेल्या 30 बुगाटी समुद्राकडे निघाल्या आणि तिथून जहाजानं फ्रान्सला पोहोचल्या.

फ्रिट्झच्या हयातीतच, 1987 मध्ये, एक वेगळी रॉयाल लंडनमध्ये लिलावाला निघाली आणि 55 लाख पौंडांना गेली. एकटी एक गाडी. शेक्सपिअरच्या सौद्याचा आकडा त्याच्यासमोर ठेवला की फ्रिट्झची नजर किती लांबची होती ते कळतं.

अशा आलेल्या गाड्या काही लगेच उभ्या करण्यासारख्या नव्हत्या. लाकडी सांगाडे कुजलेले, चामडं फाटलेलं, इंजिन जाम. मग फ्रिट्झनं म्युलुझच्या गिरणीचा एक भाग वर्कशॉप करून टाकला. सुतार, चामड्याचं काम करणारे कारागीर आणि उस्ताद मेकॅनिक मिळून चाळीसपर्यंत माणसं तिथं कामाला होती. जुन्या गाडीची दुरुस्ती म्हणजे आपल्या गॅरेजमधलं डेंटिंग-पेंटिंग नव्हे. त्या काळी गाडीची बॉडी आतून लाकडाच्या चौकटीवर उभी असायची आणि वरून पत्रा. लाकूड गेलं की पत्रा सोडवायचा, आतला तुकडा मूळ मापानं नवा करायचा आणि पत्रा परत बसवायचा. बाजारात पार्ट मिळत नाही म्हणून तोही घडवायचा. एका गाडीत महिनोन्‌महिने जायचे.

या कामगारांकडून फ्रिट्झनं गुप्ततेचा करार सही करून घेतला होता. आत काय चाललंय हे बाहेर कुणाला सांगायचं नाही. गिरणीच्या त्या भागात मोजक्याच माणसांना प्रवेश मिळायचा. श्लुम्फ गाड्या गोळा करतो हे गाडीवाल्यांच्या जगात माहीत होतं, कारण विकणारे तेच होते. पण किती आणि कशा अवस्थेत, हे कोडंच होतं.

एवढं लपवायचं कशाला? याचं एक उत्तर म्हणजे त्याला एके दिवशी दारं उघडून जगाला थक्क करायचं होतं. गिरणीच्या 17 हजार चौरस मीटर जागेत संग्रहालय होणार होतं आणि ते आईच्या स्मृतीला अर्पण केलेलं असणार होतं. दिव्याचे ते शेकडो खांब पॅरिसच्या तिसऱ्या अलेक्झांडर पुलावरच्या दिव्यांच्या नमुन्यावर करून घेतले होते. जेवणासाठी रेस्टॉरंटचाही बेत होता. सगळं जवळपास तयार झालं होतं, फक्त उद्घाटन राहिलं होतं.

दुसरं उत्तर जास्त अडचणीचं आहे. गाड्यांचा पैसा गिरण्यांतून येत होता. आणि सत्तरच्या दशकात गिरण्याच बुडायला लागल्या.

कृत्रिम धागा आला, परदेशातून स्वस्त माल आला, तेलाचे भाव भडकले. युरोपभर कापडाचा धंदा आटत होता, तो काही एकट्या फ्रिट्झचा दोष नव्हता. पण गिरणीत नवी यंत्रं घालायला पैसा नाही आणि गाड्यांना मात्र आहे, हे चित्र दिसलं असतं तर कामगारांनी काय केलं असतं हे फ्रिट्झला ठाऊक असणार. 1976 मध्ये भावांनी गिरण्या विकायला काढल्या. त्या ऑक्टोबरमध्ये मालमर्सपाकच्या कामगारांना कामावरून काढलं. संप झाला. गिरणीचा संप म्हणजे काय असतं हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. कामगार म्युलुझच्या गिरणीवर चालून येऊ नयेत म्हणून 400 पोलीस लावावे लागले.

हान्स आणि फ्रिट्झ सीमा ओलांडून स्वित्झर्लंडमधल्या बाझलला निघून गेले. दोघं स्विस नागरिक असल्यामुळे तिथून त्यांना कुणी परत आणू शकणार नव्हतं. म्युलुझहून बाझल अवघ्या तीसेक किलोमीटरवर आहे. तिथल्या ड्राय क्योनिग नावाच्या जुन्या बड्या हॉटेलात त्यांनी मुक्काम ठोकला.

आणि मग 7 मार्च उजाडला.

कित्येक महिने घरी चूल कशी पेटवायची या विवंचनेत असलेल्या माणसानं दार तोडल्यावर समोर शंभर बुगाटी बघितल्या, तर त्याला काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. रागाच्या भरात एक दुरुस्त न केलेली ऑस्टिन सेव्हन जाळली गेली. पण एवढंच. बाकी गाड्यांना कामगारांनी धक्का लावला नाही. उलट त्यांनी गिरणीचा ताबा घेतला, तिला कामगारांचा कारखाना असं नाव दिलं आणि लोकांना बघायला दारं उघडली. अडकलेल्या पगाराचे पैसे निदान असे तरी सुटावेत हा हेतू होता. मालकानं ज्या संग्रहालयाचं उद्घाटन इतकी वर्षं लांबवलं, ते त्याच्या कामगारांनीच करून टाकलं. पुढच्या दोन वर्षांत आठ लाखांच्या आसपास लोक येऊन गेले.

खरा प्रश्न पुढेच होता. देणेकऱ्यांना पैसे हवे होते. गाड्या एकेक करून लिलावात काढल्या असत्या तर सगळ्यांची देणी फिटली असती, पण संग्रह जगभर पांगला असता. 1978 मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं गाड्यांना ऐतिहासिक वारशाचा दर्जा कायम केला. म्हणजे त्या देशाबाहेर नेता येणार नव्हत्या आणि तोडून विकताही येणार नव्हत्या. 1979 मध्ये दिवाळखोरीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यानं इमारत बंद करायला लावली. 1981 मध्ये गाड्या, इमारत आणि जमीन असं सगळं 4 कोटी 40 लाख फ्रँकला एका संस्थेनं विकत घेतलं. या संस्थेमागे शहर, प्रांत आणि इतर सरकारी मंडळी होती. 1982 च्या जुलैमध्ये राष्ट्रीय मोटार संग्रहालय म्हणून ते रीतसर उघडलं.

फ्रिट्झ बाझलला बसून वकिलांमार्फत भांडत राहिला. गाड्या मातीमोल भावानं गेल्या आणि आपल्याला लुटलं, ही त्याची कायमची तक्रार. कामगारांच्या बाजूनं बघितलं तर त्या गाड्या आधी त्यांच्याच घामावर आल्या होत्या. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, पण पगार बुडालेला माणूस आधी येतो.

1989 मध्ये हान्स वारला. त्याच वर्षी संग्रहालयाच्या नावात श्लुम्फ संग्रह हे शब्द जोडले गेले. 18 एप्रिल 1992 रोजी फ्रिट्झ बाझलमध्येच वारला.

कोर्टातलं भांडण त्याच्यामागे त्याची बायको आर्लेत हिनं चालू ठेवलं. संग्रहालयातल्या गाड्या काही परत मिळाल्या नाहीत. पण मालमर्सपाकच्या गोदामात पडून असलेल्या, फ्रिट्झला दुरुस्त करायला वेळच न मिळालेल्या 62 गाड्या बऱ्याच वर्षांनी तिच्या हाती आल्या. त्यातल्या काही कॅलिफोर्नियातल्या पीटर मलिन या संग्राहकानं घेतल्या. 2010 मध्ये त्यानं ऑक्सनार्ड इथं आपलं संग्रहालय उघडलं तेव्हा त्या गाड्या त्यानं रंगवल्या नाहीत की पुसल्याही नाहीत. गंज, फाटलेल्या सीटा, वर्षानुवर्षांची धूळ, सगळं तसंच ठेवून लोकांना दाखवलं.

म्युलुझच्या गिरणीत मात्र आजही दिव्यांच्या खांबांखाली गाड्या तशाच रांगेत उभ्या आहेत. दोन्ही रॉयालही तिथंच आहेत.