रेडक्रॉसचे जनक हेन्री ड्युनांट : एका व्यापाऱ्याची अनुकंपा

विश्वशांती हा शब्द उच्चारताच सामान्य माणसाच्या डोळ्यांसमोर राष्ट्रप्रमुख, परिषदा आणि करारमदार उभे राहतात. आपल्यासारख्या प्रापंचिकाला त्यात काय करता येणार, असे म्हणून तो आपल्या उद्योगाला लागतो. परंतु ज्या कराराने रणांगणावरील दयेला कायद्याचे स्थान मिळवून दिले, त्याचा उगम कोणत्याही राजवाड्यात झालेला नाही. तो झाला इटलीतील एका लहानशा गावात, एका चर्चच्या फरशीवर. आणि त्याचे निमित्त ठरले ते कामधंद्यासाठी घराबाहेर पडलेले एकतीस वर्षांचे एक व्यापारी. त्यांचे नाव हेन्री ड्युनांट.

स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरात ८ मे १८२८ रोजी एका श्रद्धाळू ख्रिस्ती कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अनाथ, आजारी व दीनदुबळ्यांची सेवा हा त्या घराचा नित्यक्रम होता. हेन्री अभ्यासात यथातथाच होते. शाळा अर्धवट सोडून ते एका पेढीवर उमेदवारी करू लागले. सुटीच्या दिवशी मात्र ते तुरुंगातील कैद्यांना भेटून त्यांना धीर देत. पुढे १८५६ साली त्यांनी फ्रान्सच्या ताब्यातील अल्जीरियात धान्य पिकविण्याची व दळण्याची कंपनी काढली. जिंकून घेतलेल्या परक्या भूमीवर उभारलेला हा व्यवसाय होता, हे विसरता येत नाही. जमीन आणि पाणी यांच्या हक्कांचा प्रश्न सरकारी कचेऱ्यांत अडकून पडला. तेव्हा थेट सम्राट तिसरा नेपोलियन यालाच गाठून अर्ज करावा, असे त्यांनी ठरविले. सम्राट त्या वेळी उत्तर इटलीत ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात गुंतला होता.

अशा रीतीने स्वतःच्या धंद्याचे काम घेऊन निघालेले ड्युनांट २४ जून १८५९ रोजी सायंकाळी कास्तिग्लिओने या गावी पोहोचले. त्याच दिवशी जवळच सोल्फेरिनो येथे सुमारे तीन लाख सैनिक एकमेकांशी भिडले होते. दोन्ही बाजू मिळून चाळीस हजारांच्या आसपास सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. जखमींचे लोंढे गावात येऊ लागले. चर्च, शाळा, घरे, रस्ते सारे भरून गेले. सैन्याकडील डॉक्टर अगदी मोजके होते. गावात पाणी होते, अन्नही होते. पण ते तहानलेल्याच्या ओठांपर्यंत नेणारे हात अपुरे होते.

ड्युनांट वैद्य नव्हते, सैनिकही नव्हते. त्यांना केवळ व्यवस्था लावणे ठाऊक होते, आणि तीच त्यांनी लावली. गावातील स्त्रियांना एकत्र करून त्यांनी त्यांच्याकडे कामे वाटून दिली. कोणी पाणी पाजावे, कोणी जखमा धुवाव्यात, कोणी पट्ट्या बांधाव्यात, असे ठरले. आपला गाडीवान ब्रेशिया शहरी पाठवून त्यांनी सदरे, पट्ट्यांचे कापड, लिंबे, साखर असे सामान आणविले. वाटेने जाणारे प्रवासीही मदतीला थांबले. न्यूशातेल येथील एका व्यापाऱ्याने दोन दिवस जखमा बांधल्या आणि मरणोन्मुख सैनिकांच्या वतीने त्यांच्या घरी निरोपाची पत्रे लिहिली. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ड्युनांट आपला-परका असा भेद करीत नाहीत हे पाहून त्या ग्रामीण स्त्रियांनीही फ्रेंच, इटालियन, ऑस्ट्रियन अशा सर्वांची सारखीच शुश्रूषा केली. ज्या सैन्याशी आपल्या देशाचे युद्ध चालू आहे, त्याच सैन्यातील मुलाच्या तोंडाला पाण्याचा पेला लावणे, ही त्या स्त्रियांनी केलेली शांतीची कृती होती. तिच्यासाठी त्यांना कोणाची आज्ञा लागली नाही, अधिकारपदही लागले नाही.

अशी करुणा अनेकांच्या मनात दाटून येते आणि प्रसंग सरताच विरून जाते. ड्युनांट यांचे वेगळेपण असे की त्यांनी ती विरू दिली नाही. १८६२ साली स्वखर्चाने सोळाशे प्रती छापून त्यांनी सोल्फेरिनोच्या आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते युरोपातील राजे, मंत्री, सेनानी व विचारवंत यांना पाठविले. त्यात केवळ वर्णन नव्हते, दोन व्यवहार्य सूचना होत्या. पहिली, शांततेच्या काळातच प्रत्येक देशात स्वयंसेवकांची मंडळे स्थापून त्यांना शुश्रूषेचे शिक्षण द्यावे. दुसरी, जखमी आणि त्यांची सेवा करणारे यांना सर्व राष्ट्रांनी करार करून संरक्षण द्यावे.

वकील गुस्ताव्ह म्वानिए, सेनापती द्युफूर, डॉक्टर आपिया, डॉक्टर मोनुआर आणि स्वतः ड्युनांट अशा पाच जणांची समिती १७ फेब्रुवारी १८६३ रोजी प्रथम भरली. आपल्याकडील एखाद्या लहान विश्वस्त मंडळाएवढीच ही मंडळी. त्यांच्याच प्रयत्नांतून रेडक्रॉसचा जन्म झाला, आणि २२ ऑगस्ट १८६४ रोजी बारा राष्ट्रांनी पहिल्या जिनिव्हा करारावर स्वाक्षऱ्या केल्या. सोल्फेरिनोपासून जेमतेम पाच वर्षांत हे घडले.

परंतु जगाचा हिशेब मांडणाऱ्या या माणसाचा स्वतःचा हिशेब मात्र चुकत गेला. अल्जीरियातील व्यवसायाकडे पुरेसे लक्ष राहिले नाही आणि १८६७ साली त्यांचे दिवाळे निघाले. अनेक आप्तेष्टांचे पैसे बुडाले. पुढच्याच वर्षी जिनिव्हाच्या व्यापारी न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. त्यांनीच उभ्या केलेल्या समितीतून त्यांना बाहेर पडावे लागले. जन्मगाव सुटले ते कायमचे. पॅरिसमध्ये त्यांनी बाकांवर रात्री काढल्या. व्यापारी पेशातील वाचकाला या अपकीर्तीचे ओझे निराळे सांगावयास नको. घेणेकऱ्यांचे नुकसान खरे होते. सत्कार्याने ते पुसले जात नाही, आणि स्वतः ड्युनांट यांनीही तसा दावा कधी केला नाही.

१८८७ साली ते हायडेन या स्विस गावी आले आणि तेथील रुग्णालयातील एका खोलीत त्यांनी अखेरची अठरा वर्षे काढली. जगाने त्यांना मृतच मानले होते. १८९५ मध्ये एका पत्रकाराने त्यांच्यावर लेख लिहिला आणि विस्मृतीत गेलेले हे नाव पुन्हा सर्वतोमुखी झाले. १९०१ साली शांततेचे पहिलेवहिले नोबेल पारितोषिक ड्युनांट आणि फ्रान्सचे शांततावादी फ्रेडरिक पासी यांना विभागून देण्यात आले. त्या वेळी काहींनी आक्षेप घेतला होता. युद्धातील यातना कमी केल्याने युद्धच सुसह्य होते, मग हे शांतीचे कार्य कसे, असा तो प्रश्न होता. अहिंसेचा विचार मानणाऱ्यांनी हा प्रश्न टाळू नये. मात्र त्याचे उत्तर कास्तिग्लिओनेच्या फरशीवर मिळते. युद्ध टिकते ते शत्रूला माणूस न मानण्यावर. आणि शत्रूच्या जखमेवर पट्टी बांधणारा हात त्या समजुतीलाच छेद देतो.

पारितोषिकाच्या रकमेतील एक पैही ड्युनांट यांनी स्वतःच्या सुखासाठी खर्च केली नाही. हायडेनमधील रुग्णालयात गरीब रुग्णासाठी एक खाट कायम विनामूल्य असावी, अशी तरतूद त्यांनी मृत्युपत्रात केली. सर्व देणी फेडता न आल्याची खंत मात्र अखेरपर्यंत राहिली. ३० ऑक्टोबर १९१० रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेनुसार झुरिक येथे कोणताही समारंभ न करता अंत्यविधी झाला.

भारतात रेडक्रॉस सोसायटी १९२० साली कायद्याने स्थापन झाली. १९४९ च्या चार जिनिव्हा करारांना पुढे जगातील सर्व राष्ट्रांनी मान्यता दिली. हे करार अनेकदा मोडले जातात, ही दुःखद वस्तुस्थिती आहे. तथापि मोडणाऱ्याला दोषी म्हणण्याचा आधारही तेच देतात.

या जीवनातून सामान्य माणसाने घ्यावयाचा पाठ अवघड नाही. रक्तदान करणे, प्रथमोपचार शिकून घेणे, दंगल वा पूर यांसारख्या आपत्तीत जात-धर्म न विचारता दार उघडणे, दुरावलेल्या शेजाऱ्याच्या आजारपणात आपण होऊन जाणे, आणि हे सारे प्रसंग येण्याआधीच मंडळ करून, नियम ठरवून, सामान जमवून सज्ज राहणे. अनुकंपा मनात उपजते, पण ती टिकते व्यवस्थेने. ड्युनांट यांच्या चोपडीत पैशाची बाजू अखेरपर्यंत तोट्याचीच राहिली. जमेच्या बाजूला मात्र दीडशे वर्षांहून अधिक काळ अनोळखी माणसांचे वाचलेले प्राण लिहिले जात आहेत.