कुंतीला न मिळालेलं घर

आजचं वाचन वनपर्वातलं. कुंती, सोबत फक्त दाई, मेण लावलेली पेटी आणि अश्वनदीचं पाणी. हा भाग आपण बहुतेक कर्णासाठी वाचतो. मी आज कुंतीपाशीच अडकलो, कारण सारख्या सावित्रीबाई फुले आठवत होत्या. (त्यांचं आणि जोतीरावांचं आपल्या पुराणांबद्दलचं मत कडक होतं. त्यांचं नाव इथे घेताना ते लपवू नये असं मला वाटतं.)

शाळेमुळे त्या सगळ्यांना माहीत आहेत. १८३१ साली नायगावात जन्म, लहानपणीच लग्न, १८४८ ला पुण्यात मुलींची शाळा. पुढचं काम मात्र स्टेटसवर फारसं फिरत नाही.

१८६३ साल. पुण्यात जोतीरावांचे मित्र गोवंडे यांच्याकडे काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. तिला दिवस गेले. कायद्याने १८५६ पासून विधवेला लग्न करता येत होतं, पण घरात आणि गल्लीत तो कायदा कोण मानणार? बाळ झाल्यावर तिने ते मारून विहिरीत टाकलं. तिला जन्मठेप झाली, अंदमानात.

फुले दांपत्याने त्याच वर्षी स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. पुण्यात जाहिराती लावल्या: विधवांनी इथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल सोबत न्यावं किंवा इथे ठेवावं, तिची मर्जी. मला यातलं शेवटचं फार मोठं वाटतं. त्या काळात विधवेला स्वतःच्या केसांवरही मर्जी नव्हती हो! आणि काम करताना आम्ही ज्याला रूट कॉज म्हणतो, तो त्या दोघांना नेमका दिसला. बाळाच्या जिवाला धोका होता तो आईला कुठेच जागा नव्हती म्हणून. आईला छप्पर, बाळंतपणात सोबत आणि चार दिवस लोकांच्या नजरेपासून आडोसा मिळाला की बाळ जगत होतं.

१८८४ पर्यंत अशा ३५ जणी तिथे आल्या होत्या. ही बाळंतपणं आणि मागे राहिलेली लेकरं सावित्रीबाईंनी सांभाळली. आधीच शेणाचे गोळे झेललेल्या बाईला याबद्दल लोक काय बोलले असतील, कल्पना करा.

१८७४ मध्ये तिथे आलेल्या एका विधवेचं मूल या दोघांनी दत्तक घेतलं. यशवंत. जोतीराव १८९० मध्ये गेले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला, तेव्हा यशवंत डॉक्टर झालेला होता. हडपसरजवळच्या माळावर त्याने दवाखाना मांडला आणि सावित्रीबाई तिथे रोगी आणत राहिल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला तर त्यांनी पाठीवर उचलून आणलं. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

उद्या इंद्र कर्णाकडे कवचकुंडलं मागायला येतो, तिथून पुढे वाचू.