अर्थ कळलाच पाहिजे!

आमच्या कळंबच्या आसपास, वसई पट्ट्यातल्या चर्चमध्ये मराठी बायबल वाचलं जातं. ते कानावर पडलं की मला पंडिता रमाबाई आठवतात.

१८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंना संस्कृत शिकवलं ते आईनं, लक्ष्मीबाईंनी. बाईनं शास्त्र शिकणं पाप समजलं जाई, तेव्हाची ही गोष्ट! दुष्काळात आई-वडील गेले. लग्नाला दोन वर्षं होण्याआधीच पती वारले. पदरात लहानगी मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. पण तिथल्या धर्मगुरूंचंही सगळं निमूट मानलं नाही. आधी स्वतः वाचायचं, मग मानायचं!

पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये विधवा, अनाथ मुलींना सांभाळता सांभाळता, चाळिशी उलटल्यावर त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कशासाठी? तर खेड्यातल्या साध्या बाईलाही कळेल अशा मराठीत बायबल आणायला. १९२१ मध्ये मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये त्यांचं संपूर्ण बायबल छापून आलं.

मैत्रिणींनो, पोथी असो की बायबल, आपण नुसतं ऐकून हात जोडतो. अर्थ विचारायची लाज कशाला?