संत लुसी : हुंडा वाटून टाकणारी कुमारी



आगमनकाळात, 13 डिसेंबर रोजी, ख्रिस्तसभा कुमारी व रक्तसाक्षी संत लुसी हिचे स्मरण करते. उत्तर इटलीत बेर्गामो, ब्रेशिया, व्हेरोना या भागांत मुलांना भेटी आणते ती हीच सांता लुचिया. 12 तारखेच्या रात्री मुले तिच्या गाढवासाठी गवत ठेवून लवकर झोपतात. जाग्या मुलाच्या डोळ्यांत ती राख टाकते, अशी तिथली समजूत.

लुसी सिसिलीतील सिराक्यूज नगरीची. घर श्रीमंत, पण वडील वारलेले आणि आई युतिकिया रक्तस्रावाने आजारी. पाचव्या शतकातील चरित्रानुसार मायलेकी कतानिया येथे संत अगाथाच्या कबरीपाशी गेल्या आणि आईला गुण आला. तेव्हा लुसीने मागितले ते एवढेच, की आपला हुंडा गरिबांना वाटावा. आपल्या पश्चात काय ते कर, असे आईचे म्हणणे. पण मरताना सोबत नेता येत नाही ते सोडण्यात दान कसले, हा लुसीचा युक्तिवाद. (तत्त्वज्ञानाच्या वर्गातही इतका नेमका युक्तिवाद क्वचितच ऐकायला मिळतो.) दागिने, जमीन विकली गेली. नियोजित वराला हे खपले नाही. ही ख्रिस्ती आहे, अशी तक्रार त्याने सुभेदार पास्कासियसकडे केली. आपल्याकडे हुंडाबंदीचा कायदा 1961 साली झाला, तरी तळवडे-चाकण भागात मुलीचा बाप अजून पतसंस्थेची पायरी चढतो. हुंड्याचे नाव तेवढे मानपान झाले आहे.

सम्राट डायोक्लेशनच्या छळात, सन 304 मध्ये, तिच्या गळ्यावर तलवार चालली. बैल जुंपूनही ती जागची हलली नाही, ही आख्यायिका. चित्रांत तिच्या हाती तबकात डोळे दिसतात, पण ती कथा मध्ययुगातली. जुन्या चरित्रात नाही. मात्र लुसी ही काल्पनिक नव्हे. सिराक्यूजच्या भूमिगत कबरस्थानात 1894 साली एक शिलालेख सापडला. आपली पत्नी युस्किया लुसीच्या सणादिवशी वारली, असे एका पतीने त्यावर कोरून घेतले आहे. म्हणजे लुसीच्या मृत्यूनंतर शंभरेक वर्षांतच तिचा सण घराघरांत पोहोचला होता.

सिसिलीत आणखी एक आठवण सांगतात. 1646 च्या दुष्काळात तिच्या सणालाच धान्याची जहाजे बंदरात आली. दळायला कोण थांबणार? लोकांनी अख्खे गहू उकडून खाल्ले. त्या दिवशी तिथे आजही पाव न खाता आपल्या घुगऱ्यांसारखे उकडलेले गहू करतात, फक्त त्यात गोड ताजे चीज घालतात.