कविवर्य शेक्सपिअर आणि त्याची जूलिएट

रोमिओ व जूलिएट यांचें नाटक शिकणाऱ्या विद्यार्थ्याची वही उघडून पाहिली तर तींत बहुधा दोन गोष्टी आढळतात : एका पानावर पात्रांच्या स्वभावांची यादी, व दुसऱ्यावर पाठ करावयाच्या ओळी. रोमिओ उतावळा, टिबल्ट तापट, दाई वाचाळ, इतकें लिहिलें कीं पात्रपरिचय झाला ! परीक्षेपुरतें हें ठीक आहे. परंतु हीं माणसें कवीच्या हातीं प्रथम कोणत्या रूपानें आलीं आणि त्यानें त्यांत काय पालट केला, हें त्याच्या चरित्राच्या उजेडांत पाहिलें म्हणजे त्या यादीनें समाधान होत नाहीं. म्हणून त्या चरित्राचा थोडा भाग आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

विल्यम शेक्सपिअर याचा जन्म इ. स. १५६४ च्या एप्रिलमध्यें इंग्लंडांतील एव्हन नदीच्या कांठीं स्ट्रॅटफर्ड या गांवीं झाला. बाप जॉन हा हातमोजे करून विकणारा. तो पुढें गांवचा मुख्य अधिकारी झाला, आणि कालांतरानें त्याची सांपत्तिक स्थिति खालावली. मूल तीन महिन्यांचें होतें न होतें तोंच गांवांत प्लेग शिरला, व वर्षअखेरपर्यंत सुमारें दोनशें माणसें दगावलीं. जॉनचें घर वांचलें. वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

विल्यम विद्यापीठाची पायरी कधींच चढला नाहीं. अठराव्या वर्षीं, १५८२ च्या नोव्हेंबरांत, आपल्याहून आठ वर्षांनीं वडील असलेल्या अ‍ॅन हॅथवे हिच्याशीं त्याचा विवाह ठरला, आणि तोही इतक्या घाईनें कीं, चर्चमध्यें तीन वेळां करावयाची जाहीर सूचना एकदांच करून काम भागविण्याचा परवाना काढावा लागला. पुढच्या मे महिन्यांत सुझाना ही मुलगी झाली. १५८५ मध्यें हॅम्नेट व ज्यूडिथ हीं जुळीं झालीं. त्यानंतर कांहीं वर्षांनीं हा तरुण लंडनच्या रंगभूमीवर नट व नाटककार म्हणून दिसूं लागतो. १५९२ मध्यें तेथें प्लेग बळावला व नाटकगृहें सुमारें दोन वर्षें बहुतेक बंदच राहिलीं. त्या काळांत त्यानें दोन दीर्घ काव्यें लिहून प्रसिद्ध केलीं. १५९४ मध्यें तो एका नव्या नाटकमंडळीचा भागीदार झाला, व १५९५ च्या सुमारास त्यानें हें नाटक रचिलें. त्या वेळीं सुझाना बारा-तेरा वर्षांची होती.

कथा त्याची स्वतःची नव्हे. ती इटालींतून फ्रेंच भाषेच्या द्वारें इंग्लंडांत आली, व आर्थर ब्रूक नांवाच्या कवीनें १५६२ मध्यें ती इंग्रजी पद्यांत सांगितली. ब्रूकनें प्रस्तावनेंतच निकाल देऊन टाकला आहे : या मुलांनीं आईबापांचा सल्ला मानला नाहीं, वासनेच्या आहारीं गेलीं, म्हणून त्यांची अशी गति झाली. शेक्सपिअरनें कथा घेतली, पण हा निकाल घेतला नाहीं.

त्यानें काय केलें तें पाहण्यासारखें आहे. ब्रूकची कथा अनेक महिने चालते. विवाहानंतर तीं दोघें महिना-दोन महिने गुप्तपणें भेटत राहतात. शेक्सपिअरनें सर्व प्रकार रविवारपासून गुरुवारच्या पहांटेपर्यंत आणून बसविला. ब्रूकची जूलिएट सोळा वर्षांची. याची अजून चौदाही नाहीं. ब्रूकचा मर्क्यूशिओ म्हणजे मेजवानींत जूलिएटच्या शेजारीं बसलेला, बर्फासारख्या गार हातांचा एक पाहुणा, बस्स ! त्या गारठलेल्या माणसांतून रोमिओचा तो विनोदी, बोलका मित्र निर्माण झाला, व त्याच्या मृत्यूबरोबर नाटकांतलें हसणें बहुतेक संपतें. दाईलाही त्यानें एक मेलेली मुलगी दिली. ती जूलिएटच्याच वयाची, आणि तिचें नांव सूझन. वाचाळ एवढेंच लिहिणाऱ्या विद्यार्थ्यानें ही मुलगी विसरूं नये.

बापाची गोष्ट तर विशेषच. प्रारंभीं कॅप्युलेट पॅरिसला सांगतो कीं मुलगी लहान आहे, दोन वर्षें थांबा, आधीं तिचें मन मिळवा. याहून शहाणा बाप कोणता ? तोच मनुष्य बायकोचा भाचा टिबल्ट मारला गेल्यावर मुलीला न विचारतां गुरुवारचें लग्न ठरवितो, ती रडली तर घराबाहेर काढण्याची धमकी देतो, आणि ती वश झालीसें दिसतांच तो दिवसही एकानें अलीकडे ओढतो. हा दुष्टपणा नव्हे. घरांतलें दुःख झांकण्याची त्याची ती रीत आहे.

आतां पाठांतराच्या ओळींविषयीं. सज्जांतील प्रवेशांत जूलिएट रोमिओला नांवानें हांक मारते, तेव्हां ती त्याला शोधीत आहे असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः तो कोठें आहे हें ती विचारीतच नाहीं. तो रोमिओ कां असावा, शत्रूच्या घरचें नांव त्यानें कां धारण करावें, असा तिचा प्रश्न आहे. त्याच प्रवेशांत हें सारें फार लवकर घडत आहे ही भीति तिलाच वाटते, व विवाहाची गोष्टही तीच काढते. वयानें लहान पण विचारानें पुढें अशी ही मुलगी त्या काळीं एखादा मुलगाच वठवीत असे, कारण स्त्रिया रंगभूमीवर येत नसत.

शेवटीं सर्व कांहीं एका पत्रावर येऊन ठेपतें. मठवासी लॉरेन्सचा निरोप घेऊन निघालेला सोबती एका घरांत अडकतो. तेथें प्लेग असावा या संशयानें शहरचे तपासनीस दारांना मोहर लावतात, आणि पत्र मॅन्टुआला जात नाहीं. साथीचा अडथळा ब्रूकमध्येंही आहे, परंतु तेथें तो मॅन्टुआच्या मठांत येतो. मोहर लावणारे तपासनीस शेक्सपिअरचे. घरें बंद करण्याची ही तऱ्हा लंडनकरांच्या रोजच्या ओळखीची होती. दोष मग कोणाचा ? मुलांचा, बापाचा, लॉरेन्सचा, कीं त्या मोहरेचा ? आमच्या मतें कवीनें हा प्रश्न जाणूनबुजून उघडा ठेविला आहे, आणि ब्रूकहून तो थोर ठरतो तो येथेंच.

१५९६ च्या ऑगस्टांत अकरा वर्षांचा हॅम्नेट वारला. पुढच्याच वर्षीं शेक्सपिअरनें स्ट्रॅटफर्ड येथें मोठें घर विकत घेतलें. त्याचीं मोठीं शोकपर्यवसायी नाटकें यानंतरचीं. १६१६ च्या एप्रिलमध्यें तो निवर्तला, व जेथें त्याचा बाप्तिस्मा झाला होता त्याच चर्चमध्यें त्याला पुरलें. १६२३ मध्यें त्याच्या दोघां सोबती नटांनीं छत्तीस नाटकांचा संग्रह छापविला.

त्या संग्रहाची एक प्रत ऑक्सफर्डच्या बॉडली ग्रंथालयांत सांखळीनें बांधून ठेविली होती. नवी आवृत्ति आल्यावर ती ग्रंथालयानें विकून टाकली, व १९०६ मध्यें तीन हजार पौंड वर्गणी जमवून परत घेतली. जुन्या विद्यार्थ्यांच्या हातांनीं तिचीं पानें झिजलीं आहेत. त्यांत सर्वांत अधिक झिजलेलें पान सज्जाच्या प्रवेशासमोरचें आहे. वाचतांना विद्यार्थी त्याच पानावर हात टेकीत असावेत.