शिक्षक घडविणारे कर्मवीर

खेड्यात शाळा उघडणे अवघड; पण त्या शाळेला चांगला शिक्षक मिळविणे आणि तो टिकविणे त्याहून अवघड. शहरात वाढलेल्या तरुणाची आडगावी नेमणूक झाली, की त्याचे मन तेथे रमत नसे. राहावयास नीट घर नसे, पावसाळ्यात वाट बंद होई, पगारही तुटपुंजा असे. संधी मिळताच तो निघून जाई आणि मुले पुन्हा गुरांमागे जात. हे दुखणे ओळखून त्यावर उपाय करणारे थोर पुरुष म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. १९१९ साली त्यांनी कऱ्हाडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत आणि श्रम करून शिकत. वसतिगृहातील धान्य सरले, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या अन्नासाठी आपले मंगळसूत्रही काढून दिले.

परंतु ही मुले शिकून शहराकडेच गेली, तर खेड्याच्या हाती काय उरणार? म्हणून भाऊरावांनी १९३५ साली साताऱ्यास शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढले. शेतकऱ्यांची व कष्टकऱ्यांची मुले तेथे शिक्षक होऊ लागली. चिखलाची वाट त्यांना नवी नव्हती. भाकरी-कांद्याचे त्यांना वावडे नव्हते. त्यांच्या बळावर संस्थेने लहान लहान गावी शेकडो शाळा चालविल्या. काही शिक्षकांनी तर आजीव सेवक होऊन सारे आयुष्य संस्थेस वाहिले. पी. जी. पाटील हे गरीब घरचे विद्यार्थी संस्थेच्या आधाराने शिकले, विलायतेस जाऊन बॅरिस्टर झाले, आणि परत येऊन संस्थेच्याच महाविद्यालयात शिकवू लागले.

१९५५ साली माध्यमिक शिक्षकांसाठीही साताऱ्यास आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन सुरू झाले. ९ मे १९५९ रोजी भाऊराव निवर्तले. वटवृक्ष हे त्यांच्या संस्थेचे बोधचिन्ह आहे. वडाची पारंबी भूमीत रुजते आणि पुन्हा त्याच झाडाला आधार देते. भाऊरावांचे विद्यार्थीही तसेच शिक्षक होऊन आपल्या मातीत रुजले.