पंडिता रमाबाई : उपासना आणि न्याय

मराठी वाङ्मयेतिहासात पंडिता रमाबाईंची (१८५८-१९२२) नोंद होते ती मुख्यतः ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२) आणि अमेरिकेचे प्रवासवृत्त (१८८९) यांच्या लेखिका म्हणून. दौंड तालुक्यातील केडगाव येथील त्यांचे उत्तरायुष्य मात्र धर्मप्रसाराच्या खाती टाकले जाते. ही विभागणी तपासून पाहणे आवश्यक आहे.

अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येने दुष्काळात आईवडील गमावले. १८८२ मध्ये वैधव्य आले. १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु तेथील धर्माधिकाऱ्यांची अधिसत्ता निमूटपणे मानली नाही. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या व त्यांच्यासाठी केडगावी मुक्तिसदन उभारले. १८९७ मध्येच पुण्याच्या सरकारी प्लेग-रुग्णालयातील स्त्रियांच्या दुःस्थितीविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रातून जाहीर तक्रार केली.

अनाथ-विधवांना न्याय नाकारणारी उपासना ईश्वराला अमान्य आहे, असे यशयासारख्या संदेष्ट्यांनी बजावले होते. रमाबाईंच्या कृतीत हीच श्रद्धा दिसते.

बायबलच्या भाषांतराकडेही याच दृष्टीने पाहावे लागेल. त्यासाठी त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. छपाईचे काम मुक्तिसदनातील स्त्रियांनी केले. संस्कृतप्रचुर शैलीवर प्रभुत्व असलेल्या या पंडितेने तेथे सोपी मराठी योजिली, कारण अल्पशिक्षित स्त्रीलाही धर्मग्रंथ स्वतः वाचता यावा. हे सुलभीकरण केवळ शैलीचा प्रश्न नाही; उपासनेतील समान अधिकाराचा तो स्वीकार आहे.